ऊब लागल्यापासून

मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. कोंबडीच्या अंड्यात गर्भ कसा घडतो ते मुलांना दाखवणं हे माझं दरवर्षीचं काम. यंदा त्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यातच माझी स्वतःची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवी दिसतेय, ठोके नाहीत. तारखा मागेपुढे झाल्या असतील. दहा दिवसांनी या."

दहा दिवस! मागच्या खेपेलाही असंच थांबवलं होतं, आणि शेवटी हाती काही लागलं नव्हतं. माझा पाय घरात ठरेना. जेवता जेवता उठायचे, कपाट आवरायचे, आवरलेलं पुन्हा उपसायचे.

अंडी सासूबाईंनी मुरगूडहून आणली. दुकानातली चालत नाहीत, ज्या घरी कोंबडा आहे तिथलीच लागतात. त्यांनी ती डब्यात तांदळात पुरून, एसटीत मांडीवर धरून आणली. मी ती कॉलेजातल्या उबवणीच्या पेटीत ठेवली आणि तास मोजत बसले. दीड दिवस उलटला की इवलंसं हृदय धडधडताना दिसतं.

वर्गासमोर पहिलं अंडं फोडलं. हृदय नाही. दुसरं फोडलं, तेच. बलकावर नुसते लालसर ठिपके. तरी बोलत राहिले. ही रक्तबेटं. शिरा आधीपासून आखलेल्या नसतात. पेशींचे असे पुंजके होतात, कडेच्या पेशींची भिंत होते, आतल्यांचं रक्त होतं, मग बेटं एकमेकांना जोडली जातात आणि त्यातून शिरा होतात.

"मॅडम, नाही जोडली तर?" एका मुलीने विचारलं.

मी तिच्यावर खेकसले. तिचं काय चुकलं होतं? मला अजून लाज वाटते.

घरी येऊन उरलेला राग सासूबाईंवर काढला. शिळी अंडी आणलीत, म्हणाले. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "काल दुपारभर तुमच्या कॉलेजात लाईट न्हवती म्हणून तूच वरडत हुतीस की."

पंखे बंद म्हणून कुरकुरले होते, पण पेटीही बंद पडली असणार हे डोक्यातच आलं नव्हतं.

"मग गारठलं की ते. ऊब लागल्यापासनं मोजायचं असतंय, तुझ्या घड्याळापासनं न्हाय. फोडायची घाई कशाला केलीस?" मग तव्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "तारखंचं बी तसंच असंल. दम धर."

पटलं. पण अंडं निदान फोडून बघता येतं.

पेटीत एक अंडं उरलं होतं. रोज हात शिवशिवायचे. पण मी ते फोडलं नाही. शास्त्र शिकवणारी बाई मी, आणि नवस बोलल्यासारखी त्या अंड्याला जपत होते.

दहाव्या दिवशी सासूबाई हट्टाने माझ्याबरोबर आत आल्या. पोटावर गार जेल लागलं आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. मशीनची बटणं वाजली. सासूबाईंनी माझा दंड दाबला.

"आगं, डोळं उघड की! धडधडतंय ते."