अवसेच्या रात्री आणलेली ज्योत

माझी आई नवरात्रातच गेली, तीही उपवासात. तिला साखरेचा आजार होता. उपाशी राहू नका म्हणून डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं होतं, पण नऊ दिवस पाणी आणि चहा यांवरच राहण्याचा नेम तिने मोडला नाही. पाचव्या माळेच्या पहाटे ती देवघरासमोरच कलंडली. घरात जमलेल्या बायका म्हणाल्या, किती भाग्याचं मरण, देवीने पदरात घेतली. पण त्या दिवसापासून देवीचं नाव घेतलं की माझ्या पोटात राग पेटायचा. जिने जन्मभर तुझी सेवा केली तिला तू उपाशी नेलीस, मग मी तुझ्याकडे काय मागू, असा तो राग होता. श्रद्धा पूर्ण गेली असती तर बरं झालं असतं, कारण जी नाहीच तिच्यावर कुणी चिडत नाही. माझी श्रद्धा गेली नव्हती, आंबली होती.

मी तासगावच्या पूर्वेकडच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये खेळाची शिक्षिका आहे. आमच्या गावच्या देवीचं मूळ ठाणं औंधची यमाई. दरवर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तरुण मंडळाची पोरं औंधला जात आणि तिथून पेटवलेली ज्योत आळीपाळीने हातात घेऊन, रात्रभर पळत, घट बसायच्या वेळेला गावात आणत. आईला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं, तेव्हा पितृपक्षात कळलं की मंडळात भांडणं होऊन दोन तट पडलेत आणि यंदा ज्योत येणार नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरावानंतर माझ्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या संघातल्या मुली मैदानावरून हलेनात. त्यांची कॅप्टन सानिका, दहावीतली, घरात दोन पिढ्या फौजेत. ती पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, ज्योत आमी आणू का?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्यात भक्ती कणभरही नव्हती. मुलींनी कधी ज्योत आणली नव्हती, त्यामुळे गावाला ते खुपणार हे मला ठाऊक होतं, आणि कुणाला तरी खुपावं असंच मला त्या दिवसांत वाटत होतं.

खुपलंच. मंडळाचे जुने अध्यक्ष, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांनी मला देवळात बोलावून घेतलं. घटाआधीची रात्र म्हणजे अवस, भरल्या अवसेला पोरी रस्त्यावर पळणार का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांना उघड विचारता येईना. शेवटी खाली बघत म्हणाले, "बाई, पोरीच्या जातीला काय आडचणी असत्यात, तुमाला सांगाय नको. ज्योत बाटली तर त्याला जबाबदार कोण?" मी म्हटलं, जबाबदार मी. मग त्यांनी अट घातली, की ज्योत वाटेत कुठंही विझता कामा नये. विझलेली ज्योत देवळात घेणार नाही. हेडमास्तरांनीही शाळेचं नाव लावू नका, घरच्यांना विचारून तुमच्या जबाबदारीवर न्या, म्हणून अंग काढून घेतलं. मी घरोघरी गेले. द्राक्षबागांच्या छाटणीचे दिवस, बाप माणसं रानात. आयांनीच होकार दिले, आणि काहींनी तो देताना शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून दार आतून ओढून घेतलं होतं.

निघायच्या आधी मुलींना गोल बसवून मी एकच गोष्ट सांगितली. वाटेत कुणाला पाळी आली तरी तिने आपला टप्पा सोडायचा नाही, देवीला काय सांगायचं ते मी सांगेन. मुली हसल्या. नववीतली वैष्णवी तेवढी हसली नाही.

औंधच्या डोंगरावर दर्शन घेताना मी हात जोडले नाहीत. दिवटीला ज्वाळा लागली, त्याच ज्वाळेवर राखीव म्हणून एक कंदील पेटवला आणि आम्ही निघालो. सानिकाचे काका, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, टेम्पो चालवत होते. एक मुलगी ज्योत घेऊन पळायची, बाकीच्या टेम्पोत, तिच्या पाठोपाठ. ती दमायच्या आत पुढची खाली उडी मारायची, दोघी बरोबर पळता पळता दांडा या हातातून त्या हातात जायचा. पुसेसावळी मागे पडलं. उसाच्या फडांमधून रस्ता जात होता आणि काळोखात ती एवढीशी ज्वाळा उड्या मारत पुढे चालली होती. दमलेली मुलगी टेम्पोत चढली की तिच्या अंगाला तेलाचा आणि धुराचा वास यायचा आणि तिचे डोळे चमकत असायचे. मीही काही टप्पे पळाले. दांड्यावरून गरम तेल मनगटावर ओघळलं, पण सोडावंसं वाटलं नाही.

कडेगावच्या अलीकडे वैष्णवी माझ्या कानाशी आली. तिला पाळी आली होती. मी तिला सांगितलं, पिशवीत सगळं आहे, बदलून घे आणि तुझा टप्पा आला की पळ. तिने मान हलवली, पण तिचा टप्पा आला तेव्हा ती उतरली नाही. टेम्पोच्या एका कोपऱ्यात, कंदिलापासून होईल तितकी लांब, गुडघे पोटाशी धरून बसून राहिली. मी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिच्या जागी सानिका पुन्हा पळाली.

कडेगाव सोडून विट्याच्या रस्त्याला लागलो आणि पाऊस आला. परतीचा पाऊस, आधी वारा आणि मग एकदम मोठाले थेंब. डोंगरावरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसेनासे झाले. सानिकाने ज्योत अंगाखाली धरली, पाठ वाऱ्याकडे केली, पण वारा कुठल्या एका बाजूने नव्हताच. ज्वाळा एकदा निळी झाली आणि गेली. काकांनी घाईने ताडपत्री उचलून कंदील बाहेर काढला. गरम काचेवर गार थेंब पडला, काच तडकली आणि कंदीलही विझला.

मग कोपऱ्यातून वैष्णवी म्हणाली, "माज्यामुळंच इझली."

काकांनी खिशातून काडीपेटी काढली. ते चांगले मनाचे गृहस्थ, भिजलेल्या पोरींकडे त्यांना बघवत नव्हतं. म्हणाले, "ह्याच्यावर पेटवा. कुणाला काय कळतंय?" सानिकाने त्यांच्याकडे बघितलं आणि नुसती नाही म्हणून मान हलवली. मला वाटत होतं की मी तरी ती काडी ओढीन, माझा कुठं विश्वास होता! पण माझाही हात पुढे झाला नाही. मी टेम्पोतून उतरले, पावसात रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि औंधच्या दिशेला तोंड करून मोठ्याने बोलले. माझी आई उपाशी घेतलीस, तेव्हा गप्प बसले. आता ही कोवळी पोरगी आयुष्यभर म्हणत राहणार की माझ्यामुळे विझली. हे मी तुला करू देणार नाही. ऐकतेस का? मुली ऐकत आहेत याचं मला भान नव्हतं.

तेवढ्यात रस्त्याच्या खालच्या अंगाला बॅटरी चमकली. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक म्हातारी चिखलातून वर आली. एवढ्या पावसात कोण कुणाशी भांडतंय ते बघायला ती आली होती. आमच्याकडे, विझलेल्या दिवटीकडे बघून तिने एवढंच विचारलं, "औंदास्नं आलायसा व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता आम्हाला खाली तिच्या पत्र्याच्या शेडात घेऊन गेली. अर्ध्या शेडात मेंढरं होती, अर्ध्यात चूल. आणि भिंतीच्या कोनाड्यात, वारा लागू नये म्हणून पुढे तेलाच्या डब्याचा पत्रा उभा करून, एक पणती जळत होती.

आजीने सांगितलं ते असं. औंधहून या वाटेने गावोगावच्या ज्योती जातात. दरवर्षी पहिली जी ज्योत येते तिला ती तेल घालते आणि तिच्यावरून आपल्या घरच्या घटासाठी दिवा लावून घेते. यंदा दिवस मावळतानाच कुठल्यातरी गावची पोरं गेली होती. ही पणती त्यांच्या ज्योतीची, म्हणजे औंधच्याच ज्वाळेची होती.

मी काय ऐकतेय ते मला कळायला थोडा वेळ लागला. सानिका मात्र तोंड झाकून रडायला लागली.

आजीने डोकी मोजल्यासारखं सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "ती एक भायेर का हुबी हाय?" वैष्णवी दाराबाहेर पावसातच उभी होती. आत दिवा होता म्हणून. सानिकाने आजीच्या कानात कारण सांगितलं. आजी दाराशी गेली आणि तिने वैष्णवीला दंडाला धरून आत ओढलं. म्हणाली, "मग भिजून काय हुनार? ताप येईल की." तिने चुलीपुढे बसवून स्वतःच्या लुगड्याच्या पदराने तिचं डोकं पुसलं, हात पुसले, एकेक बोट पुसलं. मग दिवटीत नवी चिंधी बसवून, तेल ओतून तिने आजूबाजूला बघितलं. आम्ही सगळ्या निथळत होतो. ती वैष्णवीला म्हणाली, "तुजंच हात कोरडं हायती. धर."

वैष्णवीने माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही. तिने दांडा धरला आणि आजीने पणती दिवटीला लावली.

पाऊस ओसरेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. आजीने गूळ घातलेला कोरा चहा केला. मग माझ्याजवळ येऊन, रस्त्यावर कुणाला बोलत होतीस, म्हणून विचारलं. जे मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईला सांगितलं, आईचा उपवास, ती पहाट, सगळं. तिने समजूत घातली नाही. देवीची इच्छा म्हणाली नाही. म्हणाली, "आन् तू कवापास्नं जेवली न्हाईस?" मी आठवून बघितलं. सकाळपासून मुलींना खाऊ घालण्याच्या नादात मी काही खाल्लंच नव्हतं. तिने टोपलीतली भाकरी काढली, वर लसणाची चटणी घातली, माझ्या हातावर ठेवली आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत समोरून हलली नाही. त्या भाकरीच्या दुसऱ्या घासाला माझ्या पोटातला तो राग सैल झाला. आईला उपाशी राहायला देवीने कधी सांगितलं होतं, हा प्रश्न मला वर्षभरात एकदाही पडला नव्हता.

पुढचा पहिला टप्पा वैष्णवी पळाली. दुसरी मुलगी उतरली तरी तिने दांडा सोडला नाही, मग तिसरी उतरली तेव्हा कुठे दिला. विटा गेलं, उजाडता उजाडता तासगाव गेलं, द्राक्षबागांमधून आमचा रस्ता सुरू झाला. गावाच्या वेशीत बायका कळशा घेऊन उभ्या होत्या. माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच जास्त होत्या. तिथून पुन्हा वैष्णवीने ज्योत घेतली.

देवळाच्या पायरीवर आण्णा उभे होते. त्यांनी विचारलं, "वाटंत इझली न्हाई न्हवं?"

माझ्या आधी सानिका बोलली. विझली होती म्हणाली, आणि कुठं विझली, कुणाच्या दिव्यावरून पेटवली, सगळं सांगितलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. मग वैष्णवी, जिचा वर्गातही आवाज फुटत नाही ती, सगळ्या गावासमोर म्हणाली, "मला पाळी आलीया. तरी पेटिवताना ज्योत मीच धरलीवती. आतासुदिक मीच आणलीया."

आण्णांचा चेहरा लाल झाला. मी वैष्णवीच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "घ्यायची तर हीच ज्योत घ्या, आण्णा. नाहीतर शाळेच्या मैदानावर घट बसवते. देवी तिथंही येईल." माझ्या तोंडून ते वाक्य गेलं तेव्हा मलाच कळलं, की ती येईल याची मला खात्री आहे.

गुरवाची म्हातारी बायको गाभाऱ्याच्या दारात समई घेऊन उभी होती. तिने दिवटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "त्याल संपाय आलंय. बोलत काय बसलायसा?" आणि समई पुढे केली. आण्णा बाजूला झाले. त्या दिवशी ते आरतीला थांबले नाहीत. नंतरही मला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. वैष्णवीच्या आईला दोन-चार घरांनी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. हे सगळं झालं, आणि तरीही नऊ दिवस तीच ज्वाळा देवीसमोर जळत होती. मी घरी घट बसवला. उपवास केला नाही. रोज दोन्ही वेळ जेवले आणि जेवायच्या आधी आईच्या नावाने एक घास बाजूला काढला.

दसऱ्यानंतर मी आजीसाठी साडी घेऊन त्या रस्त्याने गेले. मनात भीती होती की ती सापडणारच नाही, कारण अशा गोष्टींत देणारी माणसं मागून सापडत नाहीत असंच आपण ऐकत आलोय. पण शेड तिथंच होतं, आजी मेंढ्यांना पाणी दाखवत होती. तिने मला ओळखलं नाही. मी त्या रात्रीचं सांगितलं, पाऊस, मुली, विझलेली दिवटी. ती आठवायचा प्रयत्न करत म्हणाली, "लय ज्योती येत्यात बाई ह्या वाटंनं. एकांद्याची इझती. आमी देतो लावून."

मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिचं लक्षही नव्हतं. मेंढरं बांधाकडे निघाली होती, ती त्यांना हाका मारत गेली. ती जिथे उभी होती त्या मातीला मी हात लावला आणि कपाळाला नेला. आयुष्यात देवापुढे, माणसांपुढे पुष्कळदा मान खाली घातली, ती कुणी ना कुणी घालायला लावली म्हणून. त्या उन्हात, मेंढ्यांच्या वाटेवर, मान आपणहून खाली गेली आणि बराच वेळ मी ती वर उचलली नाही.