तंगुसाचा मान

मांडवावर दुधीचा वेल बांधताना आज नायलॉनचा तंगूस दाताने तोडला आणि त्याच्या वासासरशी मी लहानपणीच्या कर्जतच्या बाजारात जाऊन उभी राहिले.

बाबांनी लाकडाला सायकलच्या ट्यूबचं रबर लावून मासे मारायची बंदूक केली होती. तिच्यातून सुटणाऱ्या सळईला बांधायला दोरी हवी होती. त्यांनी पांढरी विणलेली दोरी उचलली. "ही मऊ हाय गं." मी ती दुकानाच्या दगडी पायरीवर खसाखसा घासली, तर लगेच धागे पिंजारले. जाड तंगुसाला मात्र नुसता ओरखडा पडला. "बाबा, डोहात खडक हायत. हाच घ्या."

दुकानदार माझ्यावर खेकसला. बाबा त्याला म्हणाले, "पोरगी म्हनते तोच द्या." तेव्हा दुकानदाराची जिरली म्हणून मी खूश होते. भर बाजारात बाबांनी माझा शब्द राखला, हे आज कळतं.

दुपारी कळंबजवळच्या डोहात सळई लागलेली मरळ खडकाखाली घुसली. तंगूस कराकरा घासला, पण तुटला नाही.

आमच्या घरी मासा मारणाऱ्याला त्याचं डोकं मानाने वाढतात. बाबांनी ते उचलून माझ्या ताटात ठेवलं. "मारली मी, पन घरी आनली हिनं."

मला डोकं कधीच आवडलं नाही. त्या दिवशी मात्र काटा न् काटा चोखून खाल्ला.