गाऱ्हाण्यावर चढवलेला घुमारा

देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं मध्येच तुटू नये, असं आमच्याकडे मानतात. तुटलं तर नाटकातलं कुणी रंगमंचावर पाय ठेवायला धजत नाही. गावच्या नाटकाआधी ते घालायचे काका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्याआधी त्यांच्या पडवीत बसून मी गाऱ्हाणं रेकॉर्ड करून घेतलं होतं. नाटकाला लॅपटॉपवरून संगीत लावणारा मीच, तेव्हा गाऱ्हाणंही त्यावरूनच लावू म्हटलं.

"देव मशिनीचा गाऱ्हाणा आयकतलो?" नाटकमंडळातल्या एकाने विचारलं.

"तुजा आयकता, मग मशिनीचा कित्याक नाय?" दुसरा म्हणाला. सगळे हसले आणि ठरलं.

तो आवाज तसाच लावायचा मला धीर झाला नाही. कोरडा, पडवीतला, मध्ये कावळा ओरडलेला. म्हणून त्यावर रिव्हर्ब चढवला, गाभाऱ्यात बोलल्यासारखा घुमारा. प्रत्येक ओळीनंतर लोक देतात ती 'व्हय म्हाराजा'ची साथ किती लांबेल याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी ठेवली होती. पण ओळ संपली की सॉफ्टवेअर मागचा घुमाराही कापून टाकायचं, सुरीने कापावा तसा. मग घुमाऱ्याचा तो प्लगइन ओळींवरून काढून मी मुख्य आउटपुटवर, सगळा आवाज जातो त्या वाटेवर, बसवला. घुमारा टिकला. दोन ओळी ऐकल्या आणि समाधान मानलं. सगळं गाऱ्हाणं एकदाही सलग लावून पाहिलं नाही.

संध्याकाळी मांडव भरला. काका पुढच्या खुर्चीत, गळ्याला मफलर. पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसरीला आवाज करकरू लागला. घुमारा विरेना, आधीच्या ओळीवर पुढची चढली आणि काकांचा आवाज काकांच्याच आवाजात बुडू लागला. लोकांचं 'व्हय म्हाराजा' चाचरलं. प्लगइन बंद केला आणि सगळाच आवाज गेला तर? मी बंद केला. सगळाच आवाज गेला.

विंगेतून रंगवलेले चेहरे माझ्याकडे बघत होते. मी बटणं दाबत राहिलो. ऑपरेशनने एकदा नेलेला आवाज मी दुसऱ्यांदा घालवला, तोही त्यांच्यासमोर. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात खुर्ची सरकली. काका उठून देवापुढे उभे राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ओळ संपली की जोडलेले हात ते कपाळाला लावत.

"व्हय म्हाराजा!" मांडव म्हणाला. पुन्हा हात वर गेले. पुन्हा, "व्हय म्हाराजा!"

नाटक पार पडलं.

दुसऱ्या दिवशी हेडफोन घेऊन मी त्यांच्या पडवीत गेलो आणि मूळ रेकॉर्डिंग ऐकवलं. कावळा ओरडला तिथे ते हसले. संपल्यावर ओठ सावकाश हलवत, मला कळेल असं, म्हणाले, "ह्योच लावूचो होतो मा रे."

मग बोटाने खूण केली, परत लाव. मी पहिल्या ओळीपासून लावलं.