औंदाचे अल्बम

वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बाप खुलताबादकडं मेंढरं राखायचा, हा दिवसभर पत्र्यावर दणके घालणाऱ्या मशीनवर उभा असायचा, आणि ऐकायचा मात्र इंग्रजी गाणी. तीही कुणी नाव न ऐकलेल्या बँडची. डिसेंबर आला की तो वर्षातले आपले आवडते अल्बम निवडायचा आणि एक इअरफोन शर्टाला पुसून माझ्या हातात द्यायचा. "हे ऐका. गाण्याआधी बाई नुस्ता श्वास घेतीय." असलं बारीकसारीक त्याला आवडायचं.

कानात घालायचे बोळे कंपनीनं दिले होते. ते त्याच्या खिशातच असायचे. "घातले की साहेबाची हाक ऐकू येत नाय. मग साहेब आईवरून शिव्या देतो." साहेब काचेच्या केबिनमध्ये बसायचा. 'कान जपा' ही पाटीसुद्धा त्याच केबिनमध्ये लावली होती.

वर्षागणिक त्याची निवड बदलत गेली. श्वास गेले, गिटार गेली, नुसते ढोल राहिले. गेल्या डिसेंबरात त्यानं दिलेला इअरफोन मी दचकून कानातून उपसला, इतका आवाज होता. तो मात्र डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होता.

"औंदा मजा नाय," तो म्हणाला. "समद्यांनी लई हळू गायलंय."

मी "व्हय" म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही. शेवटी सगळी बस वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "व्हय!"