हिरवी कूपे

माझ्या मुलानं, नीलनं नवी गाडी दारात आणली. दोन दारांची, लांब नाकाची जपानी कूपे. आत बसले आणि लेदरच्या सीटचा वास आला. माझ्या नवऱ्याला, सतीशला जाऊन दीड महिना झाला, पण मला अजून रडू आलेलं नाही. या वासानंही आलं नाही. फक्त पिस्कॅटवेच्या आमच्या जुन्या अपार्टमेंटखालचं पार्किंग आठवलं.

याच गाडीची पहिली पिढी सतीशकडे होती, हिरव्या रंगाची. पुढच्या पिढीत छत बटणानं डिकीत जायला लागलं. मग काही वर्षं ती बंदच झाली, आणि आता हे रुंद जाळीचं तोंड. प्रत्येक नवं मॉडेल सतीश फोटोतच बघायचा, कुणाला काही न बोलता.

ती हिरवी गाडी विकली, तेव्हा नील तीन आठवड्यांचा होता. सतीश मागच्या अरुंद जागेत बाळाची सीट बसवत होता. अर्धा तास खटपट करून घामाघूम झाला आणि म्हणाला, “नाही बसत गं. विकू या.”

“बरं,” म्हणून मी बाळाला घेऊन वर गेले. खिडकीतून पाहिलं, तर तो गाडीत एकटाच बसून रुमालानं डॅशबोर्ड पुसत होता. मला रागच आला. आज वाटतं, खाली जाऊन दहा मिनिटं शेजारी बसायला हवं होतं.

“आई, डिड बाबा एव्हर ओन वन?” नीलनं विचारलं.

“हो. तू व्हायच्या आधी.”

“मग विकली का?”

“जुनी झाली होती,” मी म्हणाले आणि सीटबेल्ट लावला.