मिठागराची तहान

खांदा कॉलनीत माझं औषधांचं दुकान आहे. एखादा पुरुष काउंटरपाशी उगाच खोकल्याच्या गोळ्या न्याहाळत उभा राहिला आणि "आधी ह्यांचं होऊ द्या" म्हणत मागे सरकला, की मी ओळखते, ह्याचं दुखणं कमरेखालचं आहे. आनंदा तात्या तर माझे गाळामालक. बिल्डिंग त्यांची, तरी त्या दिवशी तेच परक्यासारखे कोपऱ्यात उभे. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाले, "पोरी, त्या मोठ्या मान्सांच्या डायपरच्या चड्ड्या येतात ना, त्या दे. नि पेपरात गुंडाल."

तात्या सत्तरीचे. तरुणपण उलव्याकडच्या मिठागरात गेलं. पुढे जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर चार मजले चढले आणि गळ्यात सोन्याची साखळी आली. मिठाने खाल्लेले तळपाय मात्र होते तसेच राहिले. माणूस मोठ्या आवाजाचा, हुकूम सोडण्यात पटाईत, पण प्रोस्टेट वाढल्याचं त्यांनी दोन वर्षं बायकोलाही कळू दिलं नाही. लघवी पार तुंबली तेव्हा कुठे पनवेलच्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

खाडीच्या बांधाला पाणी बाहेर सोडायचं दार असतं, त्याला हे लोक उघाडी म्हणतात. तात्यांनी आपलं ऑपरेशन तसंच समजून घेतलं होतं. "उघाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, तो काढला. पन दार अजून नीट लागत नाय." म्हणजे शिंक आली, हसू आलं की थेंब सांडायचे. हे काही आठवडे चालायचंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, मीही बजावलं: जड उचलू नका, कुंथू नका आणि पाणी भरपूर प्या. तात्या मान डोलवायचे. मान डोलवणारा पेशंट मला कधीच भरवशाचा वाटत नाही.

त्यात नातीचं, मनस्वीचं लग्न तोंडावर आलेलं. आगऱ्यांची हळद लग्नापेक्षा दांडगी. सगळं गाव, सगळे सोयरे, बेंजो, जेवणावळ. आजा मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसणार आणि येणारा प्रत्येक जण त्याच्या पाया पडणार, हे ठरलेलं. मनस्वीनेही सांगून टाकलं होतं, "आजा खुर्चीत दिसला नाय तर मी पाटावर बसनार नाय." तात्या धास्तावले ते तिथेच. चड्डीचा भरवसा नाही, पांढरा लेंगा, चारशे माणसं, कोणीतरी हसवलं आणि उठताना मागे ओला डाग दिसला तर?

म्हणून त्यांनी पाणी तोडलं.

ही अक्कल मिठागराची. तिथे गोडं पाणी कुठलं? बाया गावातून हंडे डोक्यावर आणायच्या आणि माणशी एकेक तांब्या वाट्याला यायचा. कमी पाण्यात जो दिवस काढील तो पट्टीचा गडी. तात्या तर पट्टीच्यांतले पट्टीचे. पाणीच घेतलं नाही तर गळेल काय, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

ऐन हळदीच्या सकाळी रक्ताची गुठळी अडकली आणि लघवी पुन्हा बंद झाली. तात्या गुरासारखे ओरडत होते. मुलाने, हरेशने, गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं. तिथे आतून धुऊन काढलं, परत नळी घातली, नळीला पिशवी लावली आणि डॉक्टरांनी दुपारी घरी सोडलं. हळदीत खुर्चीवर बसायला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती ती तात्यांची.

मी औषधं घेऊन वर त्यांच्या घरी गेले तेव्हा ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मी नाय येत. ताप आलाय म्हनून सांगा."

माझं डोकं फिरलं. "तात्या, शंभरदा सांगितलं होतं पाणी प्या म्हणून! का तोडलंत?"

"तुमाला बायांना काय कलतंय?" ते भिंतीलाच म्हणाले. "चारचौघांत लाज जाते ती बाप्या मान्साची."

कॉटशेजारी जमिनीवर बसून हिरव्या बांगड्या भरत होत्या त्या गुणाबाई, तात्यांची बायको. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. आताही त्यांनी चढवला नाही.

"बायांना कलत नाय?" त्या म्हणाल्या. "मिठागरात पानी कोन आनायचा? मीच ना? हंडा माज्या डोक्यावर, नि मी त्यातला घोट घेत नव्हती. तुमी बापे बांधाकडं तोंड केलं का झालं. आमाला आडोसा कुटं व्हता? झाड नाय, झुडूप नाय, सगला पांढरा उघडा. सांजपर्यंत पोट धरून मीठ ओढलंय आमी. मना मूतखडा झाला तवा तुमी बोलले, हिला उनाली लागलीय, ताक द्या." हातातली बांगडी त्यांनी खाली ठेवली. "अजूनपन कुनाच्या लग्नाला जायचं तर मी सकालपासून पानी तोडते. आजपन तोडलंय. तुमची लाज चार दिसांची हाय. आमची जल्माची. कंधी इचारलाव?"

मी तावातावाने बोलायला उभी होते, ती तशीच उभी राहिले. माझ्या गाळ्यालाही संडास नाही, आणि घरी जेवायला जाईपर्यंत मीही बाटलीला हात लावत नाही. दिवसभर लोकांना पाणी प्या म्हणून सांगणारी मी. मला राग आला, नेमका कोणाचा ते सांगता येणार नाही.

 तात्या पिशवी सांभाळत उठून बसले आणि बायकोकडे न बघता ओरडले, "हरेश! मांडवात बायांची सोय कुटं केलीस?"

हरेश दारात आला. "बाबा, पुरुषांसाठी मागं पत्रे लावलेत. बायका काय, घरी येतील ना."

"मांडव रस्त्यापल्याड. तलोजाच्या, उरनच्या बाया कुनाच्या घरी जातील?"

"आता ऐन टायमाला कुठून आणू?"

"मंग माजी खुर्ची काढून टाक. सोय झाली का मना बोलव."

नात आजाशिवाय पाटावर बसणार नाही, आणि आजा हा असा. हरेश उलव्याच्या बांधकामांवर रेती-खडी पुरवतो. त्याने डोक्याला हात लावला आणि फोन काढला.

दिवेलागणीला बेंजो रंगात आला असताना टेम्पो आला. त्यावर मजुरांसाठी असतात तसल्या दोन निळ्या प्लास्टिकच्या खोल्या, डुलत डुलत. "आजाचा आहेर आला रे!" कोणीतरी ओरडलं आणि अख्खा मांडव हसला. पोरांनी त्या स्वच्छ धुतल्या, पाण्याची पिंपं भरली, बल्ब लावला. मग तात्या आले. पिशवी त्यांनी हळदीच्या पिवळ्या कापडी थैलीत घातली होती आणि ती सरळ खुर्चीच्या पायाला अडकवली. एका व्याह्याने वाकून विचारलं, हे काय? "माजी उघाडी," तात्या म्हणाले आणि बाटलीतलं पाणी प्यायले. मनस्वी पाटावर बसली.

गुणाबाई बायांच्या घोळक्यातून खुर्चीपाशी आल्या. तात्यांनी तांब्या पुढे केला. बाईंनी एकदा वळून त्या निळ्या दारांकडे पाहिलं. मग भर मांडवात, उभ्याने, सगळा तांब्या संपवला आणि पदराने तोंड पुसलं.

"अजून आना," त्या म्हणाल्या.