कपाळापर्यंत आलेली नात

आमचे हे शिक्रापूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचे. त्या वर्षी त्यांनी लॅपटॉपला खोचायचं नेटचं कार्ड घेतलं आणि घरात दुसरा विषय उरला नाही. धावत्या रेल्वेत नेट, वायरबियर काही नको, हे ते शिरूरच्या स्टँडवर अनोळखी माणसालाही धरून ऐकवायचे.

नणंद परदेशात होती, दिवस भरलेले. बाळाला पहिल्यांदा आपणच न्हाऊ घालायचं, अशी सासूबाईंची फार इच्छा होती; पण डॉक्टरांनी त्यांना विमानात बसायला मनाई केली. त्यांचं मन रमावं म्हणून आम्ही त्यांना काशीला नेलं. परतताना भुसावळच्या आसपास फोन आला, मुलगी झाली, फोटो मेलवर टाकलाय. सासूबाई ताठ बसल्या. "दाव की मला लवकर!"

ह्यांनी बाह्या सरसावल्या. डब्यातली निम्मी माणसं गोळा झाली. फोटो वरून खाली उलगडायचा, तोही सावकाश. आधी दवाखान्याची भिंत, मग जावळ, मग कपाळ, आणि तेवढ्यात रेंज जायची. परत आली की पुन्हा भिंतीपासून सुरुवात. कोपरगाव गेलं, नगर गेलं, नात काही कपाळाखाली उतरेना. समोरचे आजोबा म्हणाले, "कपाळ मोठं आहे, नशीब काढणार पोरगी." सासूबाई दर वेळी चष्मा पुसून वाकून बघायच्या. सुरुवातीला मला हसू येत होतं, पुढं त्यांच्याकडे बघून हसवेना.

"दौंडला रेंज फुल्ल असते," हे म्हणाले.

दौंडला आम्हाला उतरायचंच होतं. तिथं आमच्या गाडीचं इंजिन पुढचं काढून मागं लावतात आणि मगच गाडी पुण्याकडे निघते. त्या काढण्या-जोडण्यात डब्याला हिसके बसतात. बाहेरगावचा माणूस दचकतो. आमच्याकडचा माणूस चहाचा कप नीट धरतो आणि बसून राहतो.

सामानासकट सासूबाई आणि मी उतरलो. सासूबाईंचे धाकटे भाऊ रेल्वे कॉलनीत राहायचे. ते मामा नेहमीप्रमाणे पिठलं-भाकरीचा डबा घेऊन हजर होते. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "अहो, उतरा आता!"

"थांब गं, नाक येतंय!"

हिसका बसला. हे हलले नाहीत. मीही हलले नाही. मामांनी तर तंबाखू मळायला घेतली. इंजिन जोडतायत, दुसरं काय! मग खिडकी माझ्यासमोरून सरकायला लागली, तरी ह्यांची मान वर झाली नाही. नाक, लॅपटॉप आणि नवरा पुण्याकडे निघून गेले.

"जाऊ द्या, पुढं केडगावला उतरून येतील," मामा म्हणाले आणि त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "आक्का, मला बी फोटो पाठवलाय पोरीनं. स्टेशनाभायेरच्या नेट कॅफेतून कागदावर छापून आणला."

सासूबाई बाकावर बसल्या. कागद मांडीवर ठेवला. सगळी नात एकदम दिसली. भिंत, जावळ, कपाळ, डोळे, मिटलेल्या मुठी. त्या नुसता पदरानं कागद पुसत राहिल्या, स्वच्छ होता तरी.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हे इतक्या जोरात बोलत होते की फोन कानाला लावायची गरज नव्हती. "गाडी सुटली गं! पण आईला दे आधी. आला! सगळा फोटो आला!"

मी सांगणारच होते, पण सासूबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं आणि फोन घेतला.

"आला व्हय? सांग की मग, कशी हाय?"

हे सांगत राहिले. इकडं सासूबाईंचं बोट कागदावर फिरत होतं. ह्यांनी डोळे म्हटलं की डोळ्यांवर, मुठी म्हटलं की मुठींवर.

"आन् नाक रं?"

"तुझ्यासारखं, आई! अगदी तुझ्यासारखं!"

बोट नाकावर थांबलं. डोळ्यांतलं पाणी तसंच गालावर येऊ देत त्या म्हणाल्या, "तू व्हतास म्हणून दिसली रं बाबा मला."